एका छपराखालचे दोन ऋतू

जुलैच्या मध्यावर लोणावळ्याहून सुटणाऱ्या पुणे लोकलमध्ये खिडकीशी जागा मिळाली, तर मावळचा भूगोल अर्ध्या-पाऊण तासात फुकट शिकायला मिळतो. लोणावळ्याच्या फलाटावर छत्री उघडूनही माणूस गुडघ्यापर्यंत भिजलेला असतो. मळवलीला एका हाताला कार्ल्याचा डोंगर आणि दुसऱ्या हाताला लोहगड-विसापूर, दोन्ही ढगांत बुडालेले. कामशेतला धारांचा जोर ओसरतो, आणि तळेगावला उतरावे तर कधी कधी फलाट चक्क कोरडा! अंतर अवघे तीस किलोमीटर. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या वर कोसळणारा पाऊस तळेगावपर्यंत येताना एक तृतीयांशाच्या आसपास उरतो आणि पुण्यात तर सातशेच्या घरात येतो.

आता याच प्रवासात रुळांच्या आणि हमरस्त्याच्या कडेने उभ्या असलेल्या लहान कारखान्यांकडे पाहा. तोच निळा पत्रा, तोच बेताचा उतार, आणि रस्त्याच्या बाजूला चिकटवलेली तीच काचेची दुमजली भिंत. लोणावळ्याची शेड उचलून तळेगावला ठेवली किंवा तळेगावची उचलून थेट राजस्थानात नेली, तरी कुणाच्या लक्षात येणार नाही. मावळातला शेतकरी भाताचे बी निवडताना आपल्या खाचरात पाणी किती दिवस उभे राहते याचा विचार करतो. त्याच खाचरावर शेड उभारणारा मात्र तो विचार करीत नाही.

आमच्या एका स्नेह्यांची कामशेतच्या बाजूला अशीच एक शेड आहे. मोटारींना लागणारे लहान सुटे भाग तयार होतात, तपासले जातात आणि खोक्यांत भरून चाकणकडे जातात. चाळीसेक माणसे, त्यांत निम्म्या बायका. गेल्या पावसाळ्यात त्यांच्याकडे गेलो होतो. पुढच्या काचेच्या कार्यालयात एअरकंडिशनर वीस अंशांवर लावलेला, मुली खांद्यावर ओढणी घट्ट लपेटून संगणकापुढे बसलेल्या, आणि बाहेर इतका गारवा की काचेला बाहेरून दव धरलेले. मधले दार ढकलून मागे गेलो, तर पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा असा आवाज की सुपरवायझर बाईंना खुणेनेच बोलावे लागत होते. भर दुपारी दोन वाजता सगळे दिवे लागलेले. हवा दमट, कोंदट, तेलकट. एका कोपऱ्यात छपरातून ठिबकणाऱ्या पाण्याखाली निळा पिंप ठेवलेला. 'दर वर्षी जागा बदलते,' असे बाई मोठ्याने ओरडून म्हणाल्या, तेव्हा गळतीची जागा बदलते की पिंपाची हे मला आधी कळले नाही.

एका दाराच्या अलीकडे बारमाही हिवाळा आणि पलीकडे बाहेर जो असेल तो ऋतू, किंबहुना बाहेरच्याहून थोडा वाईट. मावळातल्या बहुतेक लहान कारखान्यांची हीच रचना आहे आणि ती चुकीची आहे, असे माझे म्हणणे आहे. माणुसकीचा प्रश्न त्यात आहेच, पण आधी तो बांधकामाचा प्रश्न आहे. घर घेताना आपण हवा कुठून येते, स्वयंपाकघरात उजेड आहे का, भिंतीला ओल आहे का, हे दहा वेळा विचारतो. मुलाला किंवा सुनेला नोकरी लागली की पगार विचारतो, बस कुठून सुटते ते विचारतो. ज्या छपराखाली ती दिवसाचे आठ-नऊ तास काढणार, त्या छपराबद्दल कुणी चकार शब्द विचारत नाही.

वास्तविक मावळला उद्योग नवा नाही. १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा गोळा करण्याची मोहीम काढली, लोकमान्यांनी ती उचलून धरली, आणि त्या पैशापैशांतून कारखाना आणि काचकामाची शाळा एकत्रच उभी राहिली. घाटमाथ्यावर टाटांनी वळवण, लोणावळा आणि शिरोता इथे पाणी अडवले आणि १९१५ मध्ये खोपोलीच्या वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांना वीज जाऊ लागली. म्हणजे ज्या पावसाचा आज आपण पिंप ठेवून बंदोबस्त करतो, तो पाऊस हाच त्या उद्योगाचा कच्चा माल होता. चिक्कीचा धंदा तर लोणावळ्याच्या ओळखीचाच झाला आहे. पुढे तळेगावची औद्योगिक वसाहत आली, २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, मोठ्या मोटार कंपन्या आल्या, त्यांतली एक २०२० च्या अखेरीस उत्पादन थांबवून गेलीही. पण मोठ्यांची चिंता मोठे करतात. त्यांच्याकडे वास्तुविशारद असतात, यंत्रणांचे सल्लागार असतात. माझा विषय आहे तो त्यांच्या सावलीत वाढलेल्या हजार-दोन हजार चौरस मीटरच्या शेडींचा. त्यांचा नकाशा बहुधा शेड विकणारा कंत्राटदारच घेऊन येतो.

सुरुवात छपरापासूनच करावी लागेल. हजार चौरस मीटरचे छप्पर घ्या. तासाला शंभर मिलिमीटर असा सडकून पाऊस झाला, आणि लोणावळ्यात तो होतो, तर त्या एका तासात छपरावरून एक लाख लिटर पाणी वाहून जायला हवे. ते जाणार कुठून? आजच्या तयार लोखंडी सांगाड्यांच्या शेडींचा उतार साधारण दहा फुटांत एक फूट असतो. लोखंड कमी लागते म्हणून तो तसा. मराठवाड्यात तो चालून जाईल. मावळात वाऱ्याने रेटलेले पाणी दोन पत्र्यांच्या जोडातून उलटे वर चढते, स्क्रूच्या रबरी वायसरखाली शिरते, आणि तो वायसर चार उन्हाळ्यांत तडकलेला असतोच. त्यात पुढून छप्पर दिसू नये, 'ऑफिससारखे' दिसावे, म्हणून परपेट भिंत वर चढवतात. मग पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही आणि भिंतीच्या आतून पन्हळ काढावी लागते. त्या पन्हळीत पहिल्या पावसाआधी वाळकी पाने, प्लास्टिकची पिशवी आणि एखादे कबुतराचे घरटे असले की झाले. पाणी आत येते, ते नेमके विजेच्या पॅनेलवर.

आपल्या जुन्या घरांची छपरे चांगली उभी असत, पाणी पाख्यांवरून थेट बाहेर पागोळ्यांना येई आणि पागोळ्या भिंतीपासून हातभर लांब पडत. पाण्याला घराच्या आत कुठेच थांबू द्यायचे नाही, एवढीच त्यामागची अक्कल. गिरण्यांच्या करवती दातांच्या छपरांचे कौतुक अनेकांना आहे, मलाही आहे. उत्तरेकडून येणारा तो शांत, सावली न पाडणारा उजेड विणकराच्या डोळ्यांना मानवायचा. पण त्या छपरात प्रत्येक दोन दातांमध्ये एक पन्हळ असते. मुंबईत त्या सांभाळायला माणसे ठेवलेली असत. लोणावळ्यात आणि विशेषतः लहान कारखान्यात मी ते छप्पर करू नका असेच सांगेन. दोन्ही बाजूंना चांगला उतार, आढ्यावर उचललेले लांबट धुराडेवजा दुसरे छोटे छप्पर, त्याच्या दोन्ही अंगांना झडपा आणि उत्तरेच्या अंगाला उजेडासाठी पारदर्शक पत्रा, हे मावळाला अधिक सोयीचे. पाणी बाहेरच्या बाहेर जाते आणि तापलेली हवा वरून निघून जाते.

तापलेल्या हवेचे सांगायचे तर एप्रिल-मेमध्ये साधा पत्रा साठ अंशांच्या वर तापतो आणि दिवसभर खालच्या माणसांच्या डोक्यावर ऊन ओकत राहतो. अशा वेळी मोठा पंखा लावला तर तो तीच गरम हवा खाली आणतो. 'शेड उंच आहे, हवेशीर आहे' असे मालक मोठ्या अभिमानाने सांगतात. १९४८ च्या कारखाने कायद्याने नव्या कारखान्यात माणशी ५०० घनफूट जागा ठरवून दिली, तेव्हा जमिनीपासून १४ फुटांच्या वरची जागा त्यात मोजायची नाही अशीही अट घातली होती. उंचीचा उपयोग हवा वरून बाहेर पडत असेल आणि खालून आत येत असेल तरच. नाहीतर ती नुसती उंच कोठडी. पत्र्याखाली उष्णता अडवणारा थर घातला, वरून पांढरा रंग दिला, तर ऊनही अडते आणि पावसाचा आवाजही निम्म्याने तरी दबतो. बाईंना खुणेने बोलावे लागत नाही. हिवाळ्याच्या पहाटे थंड पत्र्याला आतून धरणारे आणि यंत्रांवर टपटपणारे दवही थांबते. एका थरात तीन दुखणी बरी होतात, पण अंदाजपत्रक कापताना पहिली काट त्याच ओळीवर येते.

आता पुढच्या काचेकडे वळू. काचेशी माझे वैर नाही. हिशेब आहे तो दिशेचा. लोणावळ्याच्या अक्षांशावर डिसेंबरात भर दुपारीही सूर्य दक्षिणेला साधारण ४८ अंशांवर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीला बऱ्यापैकी रुंद छज्जा दिला की ऊन अडते. उत्तरेची खिडकी तर बहुतेक वर्षभर निर्धास्त. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य दुपारी किंचित उत्तरेला असतो, पण त्यातला बराचसा काळ तो आपल्याला दिसतच नाही. सगळा घोळ पश्चिमेचा. संध्याकाळचे तिरपे ऊन तिकडून, पावसाची झडही तिकडूनच आणि उन्हाळ्यातला सुखाचा वाराही तिकडूनच. जुन्या माणसांनी हा पेच पडवी घालून सोडवला होता. वारा आत, पाणी बाहेर. आम्ही काय करतो? रस्ता पश्चिमेला असेल तर काच पश्चिमेला. सरळ, छज्ज्याविना, न उघडणारी. मग आत ऊन येते म्हणून पडदे, पडद्यांनी अंधार म्हणून दिवे, आणि या सगळ्याची उष्णता काढायला एअरकंडिशनर. ज्या लोणावळ्याला मुंबईची माणसे हवा खायला येतात, तिथे आपण खिडक्या कायमच्या बंद करून विजेवर हवा तयार करतो.

पावसाळ्यात तर हा एअरकंडिशनर कामालाही येत नाही. जुलैत मावळातली हवा गरम नसते, ओली असते. एप्रिलच्या उन्हासाठी घेतलेले मोठे यंत्र ती पाच मिनिटांत गार करते आणि थांबते. हवेतले पाणी काढण्याइतका वेळ ते चालतच नाही. परिणाम असा की खोली गार आणि दमट दोन्ही होते, फायलींना वास येतो, भिंतीच्या कोपऱ्यात बुरशी धरते. गार करणे आणि कोरडे करणे ही दोन वेगळी कामे आहेत. लोणावळ्याचा चिक्कीवाला हे अनुभवाने जाणतो. गूळ हवेतले पाणी ओढतो, आणि गंमत अशी की गिऱ्हाइकांची झुंबड उडते ती नेमकी पावसाळ्यात. त्याच्या भट्टीच्या खोलीला भरपूर मोकळी हवा हवी, आणि पॅकिंगच्या खोलीला बाहेरची हवा नकोच. तिथे हवा कोरडी करणारे छोटे यंत्र आणि घट्ट मिटणारे दार हवे. नुकत्याच घासलेल्या पोलादी भागावर बोटाचा ठसा उमटला तर मावळच्या पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी तिथे तांबूस गंज दिसतो. तेव्हा यंत्राने हवा करायचीच तर ती जिथे मालाला गरज आहे तिथे करा. कार्यालयातल्या माणसांना उघडणारी खिडकी आणि पंखा वर्षातले सात-आठ महिने पुरेल.

याच तालुक्यातल्या कार्ल्याच्या चैत्यगृहात भर पावसात जाऊन पाहावे. साधारण १२४ फूट लांब आणि ४५ फूट उंच सभागृह, उजेडाला प्रवेश मुख्यतः समोरच्या एका कमानदार गवाक्षातून. तरीही पार आतल्या स्तूपापर्यंत मऊ उजेड पोहोचतो आणि डोळ्यांवर तिरीप येत नाही. कारण गवाक्षात लाकडी फासळ्या आहेत आणि दर्शनी भिंतीच्या पुढे ओसरी सोडून आणखी एक कातळाची आडभिंत राखली आहे. झड अडते ती तिथेच. छताच्या लाकडी कमानी दोन हजार वर्षे टिकल्या त्या उगाच नाही. तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्या श्रेष्ठींच्या बरोबरीने दार करणाऱ्या धेनुकाकटाच्या सुताराचेही नाव आहे. प्राचीनांना सगळेच ठाऊक होते असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. त्यांना आत लेथ बसवायचे नव्हते. पण पाऊस कुठून येतो हे त्यांनी छिन्नी उचलण्याआधी पाहिले होते, एवढे नक्की.

खर्चाचे काय, हा प्रश्न येणारच आणि तो खोटा नाही. लहान उद्योजक बँकेच्या कर्जावर उभा असतो, मोठ्या कंपनीची ऑर्डर हातात असते, तीन महिन्यांत शेड उभी राहिली नाही तर ऑर्डर जाते. हडपसरला २००९ मध्ये ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी सुझलॉनसाठी उभारलेल्या बुटक्या, झडपांच्या, उजेडाने भरलेल्या कार्यालयाचे उदाहरण त्याला दिले तर तो हात जोडेल. मान्य. पण वर सांगितलेल्यातले निम्मे काही पैशाचे नाहीच. शेड प्लॉटवर आडवी ठेवायची की उभी, याला एक रुपया लागत नाही. जिना, स्वच्छतागृहे, माल चढवण्याचा धक्का आणि गोदाम पश्चिमेला, माणसे उत्तरेला, यालाही लागत नाही. परपेट काढून टाकली तर उलट पैसे वाचतात. काचेच्या भिंतीतून वाचलेल्या रकमेत छपराखालचा थर, आढ्यावरच्या झडपा आणि रुंद पागोळी यांचा बराचसा खर्च निघावा. उद्योजकाकडे पैसा कमी असतो हे खरे. पण आहे तो त्याने दर्शनी भागावर घातलेला असतो, हेही तितकेच खरे.

एक गोष्ट मात्र पैशाच्या तराजूत घालूच नये. ७ जून २०२१ रोजी शेजारच्या मुळशी तालुक्यात उरवडे इथे एका कारखान्याला आग लागली आणि सतरा कामगार गेले, त्यांत बहुतेक स्त्रिया. त्या दुर्घटनेच्या कारणांत मी इथे शिरत नाही. पण त्यानंतर मी ज्या ज्या शेडीत गेलो, तिथे आधी मागचे दार शोधतो. पुष्कळदा ते सापडते आणि त्याला कुलूप असते. 'माल जातो हो चोरीला,' असे उत्तर मिळते. कुठे दाराशी खोकी रचलेली असतात, कुठे दार म्हणजे गुंडाळणारे शटर असते, आणि तेही विजेवर चालणारे. काम चालू असताना दारे आतून सहज उघडावीत, सरकती नसतील तर बाहेरच्या अंगाला उघडावीत, हे १९४८ च्या कायद्यात पहिल्यापासून होते. छपराखाली उष्णता अडवायला जो थर घालायचा, तो पेट घेणारा नको, हे त्याच ओघात सांगतो. स्वस्त फोमचा थर आगीत काय करतो ते अग्निशमनवाल्यांना विचारा. विजेचे पॅनेल जोत्यापासून चांगले वर, आणि छपराच्या पन्हळीखाली कदापि नको.

जमिनीविषयी थोडेच. भातखाचर म्हणजे पाणी धरून ठेवणारी जमीन. तिच्यावर मुरूम टाकून पहिल्याच उन्हाळ्यात जोते बांधले की दोन पावसाळ्यांत फरशी खचते आणि यंत्रांचा समतोल जातो. शेजारचा ओढा बुजवला तर तो आषाढात आपली वाट शोधायला कार्यालयात येतो. आणि त्या ओढ्याचे पाणी शेवटी इंद्रायणीला, म्हणजे देहू-आळंदीला जाते. तिथे नदीवर तरंगणारा फेस वारकऱ्यांनी पाहिला आहे. तेच छपरावरचे पाणी साठवता येते, हे मात्र कुणी मनावर घेत नाही. हजार चौरस मीटरच्या छपरावर लोणावळ्यात वर्षाला चाळीस लाख लिटर पाणी पडते. दहा हजार लिटरचे चारशे टँकर झाले हे. ते वाहून जाऊ द्यायचे आणि मेमध्ये टँकर मागवायचे, असा हा व्यवहार.

इटलीत नेपल्सजवळ पोत्सुओली इथे ऑलिव्हेत्ती कंपनीचा कारखाना १९५५ मध्ये उघडला. आद्रियानो ऑलिव्हेत्ती मालक, लुइजी कोसेंझा वास्तुविशारद. कचेरीत लागणारी यंत्रे तिथे जुळवली जात. टाइपरायटरवर बोटे चालवलेल्या पिढीला ते नाव आठवेल. त्या कारखान्यात काच पुष्कळ होती, पण ती समुद्र आणि बाग दिसावी म्हणून, आणि दिसावी ती जुळणी करणाऱ्या कामगारांना. मावळात समुद्र नसेल. कामशेतच्या त्या शेडीच्या उत्तरेला हिरवी भातशेती आणि डोंगराची रांग आहे. तिकडची भिंत संपूर्ण पत्र्याची आहे, एकही खिडकी नाही.

हे स्नेह्यांना दाखवले. त्यांची शेजारीच दुसरी शेड व्हायची आहे, नकाशा टेबलावर होता. रस्त्याकडची काच कमी करून कार्यालय उत्तरेला घ्या, मधली भिंत काढून दोन्हीकडे एकच छप्पर, एकच हवा खेळू द्या, असे म्हणालो, तर त्यांनी चष्म्यावरून पाहिले. 'अहो, मग रस्त्यावरून दिसणार काय? आणि गिऱ्हाईक बसवायचे कुठे?' गिऱ्हाइकाचे उत्तर माझ्याकडे होते, बोर्डाचे नव्हते. बराच वेळ वाद झाला. नकाशा अजून मंजुरीला गेलेला नाही. पुढच्या खेपेला चर्चा त्यांच्या केबिनमध्ये करायची नाही, आत पॅकिंगच्या टेबलाशी बसून करायची, आणि बाईंनाही बोलवायचे, एवढे त्यांनी कबूल केले आहे. दिवस मात्र मी पावसाचा निवडणार आहे.